गाडीच्या पाठीमागची हवा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत स्पॉयलर भिंतीला टांगलेले असतात, रंग न लागलेले, नुसता करडा प्रायमर मारलेले. गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार बरोबर त्या मापाचा उतरवून देतो. बसका पाहिजे की उभा, दिव्याचा की बिनदिव्याचा, एवढं तो विचारतो. कशासाठी पाहिजे, हे विचारत नाही. धंद्याच्या दृष्टीनं ते शहाणपणाचंच आहे.

तो न विचारलेला प्रश्न फिरून माझ्या वर्गात येतो. मी इथल्याच एका पॉलिटेक्निकमध्ये दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्स शिकवते. बर्नोलीचं समीकरण फळ्यावर आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, स्पॉयलर लावला की गाडी रोडला चिकटून पळती म्हणत्यात. खरं हाय काय ओ?" 'नाही' हे उत्तर त्यांना नको असतं, आणि 'हो' म्हटलं तर तेही पटत नाही. माझा भाचा तर त्याच्या सेकंडहँड सेडानसाठी स्पॉयलरचे फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, "मावशी, इंजिनिअर म्हणून सांग, मावशी म्हणून नको."

तर इंजिनिअर म्हणून सांगते. गाडीची पाठ कशी आहे आणि तुम्ही किती वेगानं जाता, हे दोन्ही कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

वेगाचं आधी बघू, कारण निम्मा वाद तिथंच मिटतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट. आपल्याकडची नेहमीची हॅचबॅक घ्या. समोरून दिसणारं तिचं क्षेत्रफळ साधारण २.१ चौरस मीटर आणि ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या अडथळ्याचा, गुणांक ०.३३ च्या आसपास धरू. ही गाडी राजारामपुरीतून ताशी ४० किलोमीटरनं निघाली (निघता आलं तर) की हवा तिला सुमारे ५ किलोच्या जोरानं मागे रेटते. टायर दबत-उठत फिरतात त्यात याच्या दुप्पट, ११-१२ किलोचा जोर खर्च होत असतो. शहरात हवेपेक्षा टायरच महाग पडतात. ६० च्या आसपास दोन्ही सारखे होतात. १०० ला हवेचा जोर ३२ किलोवर जातो, १२० ला ४७ किलोवर. टायरचा आकडा मात्र जवळजवळ होता तिथंच राहतो. १०० च्या वेगाला नुसती हवा कापण्यात १२ अश्वशक्ती जातात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींसाठी १०० ची मर्यादा आहे, समृद्धी महामार्गावर १२० ची. कायद्यात राहून, असा वेग सलग तास-दोन तास टिकवता येईल असे रस्ते आपल्याकडे आताच कुठं झाले. तोवर स्पॉयलरबद्दलची आपली सगळी चर्चा फळ्यावरचीच होती.

आता पाठ. पोरांना मी एक कोडं घालते: हॅचबॅकच्या मागच्या काचेला वायपर असतो, सेडानला बहुधा नसतो. का? कंपनीनं पैसे वाचवले, असं उत्तर हमखास येतं. मग मी सांगते, पावसाळ्यात गगनबावड्याला जाऊन आलेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या करून बघा. हॅचबॅकची मागची काच लाल चिखलानं गच्च भरलेली असते. सेडानच्या काचेतून बऱ्यापैकी दिसत असतं. रस्ता तोच, पाऊस तोच.

हे का होतं ते बघायला विंड टनेल लागत नाही. लोकरीचे बोटभर तुकडे करायचे आणि एकेक टोक चिकटपट्टीनं टपावर, काचेवर, डिकीवर ओळीनं चिकटवायचं. एकानं ती गाडी चालवायची, दुसऱ्यानं मागच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून मोबाइलवर चित्रण करायचं. आम्ही विभागातल्या दोन-तीन जणांनी हे कागलच्या पुढं महामार्गावर, पहाटे वाहनं तुरळक असताना करून बघितलं. कोगनोळीच्या टोलनाक्यावर एकानं लाल लोकरीनं सजलेली गाडी बघून लग्न कुणाचं म्हणून विचारलं. आमच्यातल्या एका सरांनी तोंड भरून "मॅडमच्या भाच्याचं" म्हणून सांगितलं. ती बातमी घरी पोचायला फार वेळ लागला नाही.

चित्रणात जे दिसलं ते पुस्तकात आकृतीसकट आहे, पण डोळ्यांनी बघण्यात मजा वेगळी. टपावरचे धागे सरळ मागे ताणून पडले होते. टप संपून काच सुरू झाली तिथं सगळी शिस्त संपली. काचेवरचे काही धागे गरगरत होते, काही नुसतेच लोंबत होते आणि बरेचसे चक्क वर, टपाकडे तोंड करून उभे होते. गाडी ८० नं पुढं चाललेली आणि तिच्या मागच्या काचेवर हवा खालून वर वाहतेय. कारण असं, की टपावरून वेगानं आलेल्या हवेला एकदम वळून उभ्या काचेला चिकटून खाली उतरता येत नाही. ती कडेवरून सुटते. सुटलेल्या हवेच्या पोटात कमी दाबाची जागा तयार होते आणि तिच्यात भोवरे फिरत राहतात. चाकांनी उडवलेला चिखल त्या भोवऱ्यांत सापडतो आणि वर चढून काचेवर बसतो. वायपर आहे तो यासाठी.

पण चिखलापेक्षा मोठी गोष्ट त्या कमी दाबाची आहे. हवेचा अडथळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं समोरून आदळणारा वारा येतो. मोटारीच्या बाबतीत अडथळ्याचा मोठा हिस्सा मागून येतो. पाठीमागं दाब कमी, पुढं जास्त. या फरकानं गाडी सतत मागं ओढली जाते. ही ओढ कमी करायची सगळ्यात उत्तम युक्ती म्हणजे गाडीला लांबच लांब निमुळतं शेपूट काढायचं, म्हणजे हवा हळूहळू जवळ येत मिटेल. तशी गाडी घराच्या पार्किंगमध्ये मावणार नाही. १९३० च्या दशकात श्टुटगार्टमध्ये वुनिबाल्ट काम नावाच्या प्राध्यापकांनी यावर तोडगा काढला: शेपूट थोडं निमुळतं होऊ द्यायचं आणि मग सरळ, धारदार कापून टाकायचं. हवा त्या कडेवरून नीट सुटते आणि लांब शेपटाचा बराचसा फायदा पदरात पडतो. टोयोटा प्रियसची पाठ बघा, ती याच घराण्यातली.

हॅचबॅकच्या टपाला मागं जो पाच-सात बोटं ओठ काढलेला असतो, तो याच विचाराचा लहान अवतार. टप थोडा लांबतो आणि हवा कुठून सुटणार ती जागा पक्की होते. कड गोलसर असेल तर हवा तिथं घुटमळते, थोडी खाली वळते, कधी इथून सुटते कधी तिथून. मागचा भोवऱ्यांचा पसारा त्यानं वाढतो. आम्ही जुन्या, बिनस्पॉयलरच्या हॅचबॅकला पुठ्ठ्याचा ओठ चिकटवूनही बघितलं. कडेजवळच्या धाग्यांचं फडफडणं कमी झालं, काचेवरच्या धाग्यांचं फिरणं मात्र थांबलं नाही. ते अपेक्षितच होतं. कमी दाबाच्या त्या पोकळीचा आकार बदलतो, पोकळी नाहीशी होत नाही. स्पॉयलर लावल्यावर मागचा वायपर विकायला हरकत नाही, असं कुणी समजू नये.

या पाठीच्या उताराचं एक प्रकरण मला फार आवडतं. फोक्सवॅगनची पहिली गोल्फ १९७४ ला आली. त्या गाडीवर काम करताना वोल्फ-हाइनरिश हुखो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं, की मागच्या उताराचा कोन बदलत नेला तर अडथळा सरळ रेषेत वाढत नाही. आडव्या रेषेपासून साधारण ३० अंशांच्या आसपास तो कळस गाठतो आणि त्याच्या जरा पुढं गेलं की एकदम कोसळतो. त्या कोनाला उताराच्या दोन्ही बाजूंनी दोन जबरदस्त भोवरे मागं निघतात आणि गाडीला ओढत राहतात. उतार आणखी उभा केला की ते भोवरेच मोडतात. पुढं १९८४ मध्ये अहमद आणि सहकाऱ्यांनी एक साधा, विटेच्या घडणीचा ठोकळा घेऊन हेच पद्धतशीर मोजलं. तो 'अहमद बॉडी' नावाचा ठोकळा आजही जगभरातले विद्यार्थी संगणकावर तपासतात, माझेही. सांगायचं ते हे, की पाठीचा कोन दोन-चार अंशांनी इकडचा तिकडं झाला तर हवेचं वागणं पूर्ण बदलू शकतं. मग एका गाडीवर उपयोगी ठरलेला स्पॉयलर दुसऱ्या गाडीवर उचलून लावला तर काय होईल, हे भिंतीवरच्या खिळ्याला कसं ठाऊक असणार?

कंपनीनं मोजूनमापून बसवलेल्या ओठाचा फायदा किती? समजा, त्यानं हवेचा अडथळा ५ टक्के कमी केला; हा अंदाज मी उदारपणे धरतेय. १०० च्या वेगाला ३२ किलोंतले दीडेक किलो गेले. टायर धरून एकूण ४४ किलोंत हा फरक साडेतीन टक्क्यांचा. लिटरला २० देणारी गाडी फार तर पाऊण किलोमीटर जास्त देईल, तेही महामार्गावर एका वेगानं चालली तर. शहरात सिग्नल, खड्डे आणि गतिरोधक यांच्यापुढं हा हिशेब कुणाला दिसणारही नाही. आणि टपावर कॅरियर बांधून तिरुपतीला निघालात तर ओठाची सगळी कमाई घाट लागायच्या आधीच संपलेली असते. टायरमधली हवा तपासून निघणं याहून जास्त फायद्याचं. ते फुकटही आहे, म्हणून कुणी करत नाही.

सेडानची गोष्ट वेगळी. तिथं हवा टपावरून उतरत्या काचेला बऱ्यापैकी चिकटून खाली येते, डिकीवरून जाते आणि डिकीच्या कडेला सुटते. काच त्यामुळं स्वच्छ राहते. पण त्या वळणावरून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला जाऊ लागतो. डिकीच्या कडेला एक छोटा उंचवटा दिला की हवा त्याच्या अलीकडं अडते, काचेवरचा आणि डिकीवरचा दाब थोडा वाढतो, उचल कमी होते. पोर्शेनं १९७२ च्या पॅरिस प्रदर्शनात ९११ कॅरेरा आरएस २.७ आणली, तिच्या शेपटावर असाच वर वळलेला उंचवटा होता. मागची उचल त्यानं खूप कमी झाली आणि गंमत म्हणजे कमाल वेगही किंचित वाढला. नीट बसवलेला लहान स्पॉयलर अडथळा आणि उचल दोन्ही कमी करतो. मोठा केला की उचल आणखी घटते, पण अडथळा वाढायला लागतो.

स्पॉयलरशिवाय खरोखर अडलं कुठं, असं विचारलंत तर मी आउडी टीटीकडं बोट दाखवीन. १९९८ मध्ये आलेली ही छोटी, गोल पाठीची गाडी दिसायला इतकी नेटकी होती की तिच्या पाठीवर काही लावणं म्हणजे पाप वाटावं. जर्मनीच्या ऑटोबानवर मात्र अतिवेगात, ताशी १८० आणि त्याहून वर, लेन बदलताना किंवा वळणावर तिचा मागचा भाग सुटून अपघात झाले. माणसं गेली. गोल पाठीवरून जाणारी हवा मागची चाकं हलकी करत होती. १९९९-२००० च्या सुमारास कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, मागं छोटा स्पॉयलर लावला, सस्पेन्शन बदललं आणि घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली. तीन उपाय एकदम केले, हे लक्षात घ्या. सगळं श्रेय एका पट्टीला देता येत नाही. पण ती पट्टी शोभेची नव्हती.

याच गाडीची दुसरी पिढी २००६ ला आली. तिचा स्पॉयलर एरवी पाठीत दडलेला असतो आणि १२० च्या आसपासच्या वेगाला आपोआप वर येतो. ज्या कंपनीनं चटका सोसला तिनंच आखलेली ही रेषा आहे. समृद्धीवर कायद्यानं जेवढं जाता येतं, तिथं तो जेमतेम जागा होणार! पोर्शेनं १९८९ च्या ९११ मध्ये तो ८० ला उघडणारा केला होता खरा, पण त्या गाडीचं इंजिन मागं, आणि त्याला थंड ठेवायचं कामही त्या स्पॉयलरकडं होतं.

भाच्याला हवा होता तो स्पॉयलर मात्र टपावरचा ओठ आणि डिकीवरचा उंचवटा या दोन्हींतला नव्हता. दोन पायांवर उभा राहणारा, वरून आणि खालून दोन्हीकडून हवा जाणारा, शर्यतीच्या गाडीसारखा पंख त्याच्या मनात भरला होता. त्याचाही हिशेब मांडू. १२० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद पंख, आणि तो अगदी स्वच्छ हवेत, उत्तम कोनात बसवलाय असं धरू. ६० च्या वेगाला तो गाडीला ४ किलोच्या जोरानं खाली दाबेल. डिकीत ५ किलोचा आट्याचा पुडा ठेवला तर गाडी उभी असतानाही त्याहून जास्त दाब मिळतो आणि घरी गेल्यावर त्याच्या चपात्याही होतात. १०० ला पंख ११ किलोवर जाईल. प्रत्यक्षात टपाच्या मागं, आधीच विस्कटलेल्या हवेत तो उभा असतो, त्यामुळं यातलंही सगळं मिळत नाही. शर्यतीच्या गाड्यांचे पंख उंच, हवेच्या स्वच्छ थरात असतात ते उगाच नव्हे.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचीच चाकं ओढतात, पुढचीच वळवतात, आणि ब्रेकचं जास्त कामही तीच करतात. मागच्या चाकांच्याही मागं खाली दाब दिला की गाडीची पुढची बाजू किंचित हलकी होते. आपल्या वेगाला ते किंचितच असतं, पण दिशा चुकीची. पकड हवी असेल तर ती पुढं हवी.

मग कंपन्या स्पॉयलर देतात कशाला? बऱ्याच गाड्यांत तो फक्त वरच्या मॉडेलला मिळतो, खालच्याला नाही. सुरक्षेसाठी अत्यावश्यक असता तर असा वाटून दिला नसता. तिथं तो मुख्यतः पैसे कुठं गेले ते शेजाऱ्यांना दाखवतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. अलॉय व्हील तरी दुसरं काय करतात? पण टपावरच्या ओठाला घरातली बारीकसारीक कामंही लावलेली असतात. तिसरा, उंचावरचा ब्रेकचा दिवा बहुधा त्यातच बसवतात. मागच्या मोटारचालकाच्या नजरेच्या रेषेत येणारा तो दिवा माझ्या मते स्पॉयलरचा आपल्या रस्त्यांवरचा सगळ्यात मोठा उपकार आहे. पाण्याची पिचकारी तिथंच लपते. २०२३ च्या टाटा नेक्सॉनमध्ये तर अख्खा वायपर ओठाखाली दडवलाय.

हवेवरून खरे पैसे वाचतात ते ट्रकला. शिरोलीतून बंगळूरच्या बाजूला निघालेला कंटेनर ७० च्या वेगाला जवळजवळ १४५ किलोचा वारा अंगावर घेत असतो, आणि दिवसचे दिवस घेत असतो. केबिनच्या डोक्यावर तिरपी पाटी लावली की हवा कंटेनरच्या सपाट छातीवर आदळण्याऐवजी वरून निघून जाते. तरी आपल्याकडचे कितीतरी कंटेनर अजून बोडक्या केबिननं फिरतात, आणि त्यांच्या शेजारून पंख लावलेली हॅचबॅक डौलात पुढं जाते.

विजेच्या गाड्यांनी मात्र या विषयाला नवं वजन आणलंय. ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी बरीच ऊर्जा त्या परत बॅटरीत भरतात, मोटरही इंजिनापेक्षा खूप काटकसरी, त्यामुळं उरलेल्या खर्चात हवेचा वाटा ठळक होतो. बॅटरी वाढवायची तर वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. पाठीचा आकार सुधारणं त्याहून स्वस्त. मर्सिडीजच्या ईक्यूएसचा ड्रॅगचा गुणांक ०.२० आहे, ह्युंदाईच्या आयोनिक ६ चा ०.२१. आयोनिकच्या पाठीवरचा रुंद स्पॉयलर त्या हिशेबाचाच भाग आहे. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा बीई ६ च्या पाठीला वर टपाशी एक आणि खाली डिकीच्या कडेला एक अशा दोन जागी स्पॉयलर दिलेत. पंधरा मिनिटांच्या चार्जिंगसाठी रांगेत उभं राहावं लागलं, की टक्का-दोन टक्क्यांची किंमत माणसाला आपोआप कळते.

एवढं वाचूनही लावायचाच असेल तर लावा. देखणेपणा हेही कारण आहेच, फक्त त्याला वायुगतिशास्त्राचा दाखला जोडू नका. डिकीच्या कडेला चिकटणारा बसका, एबीएस प्लास्टिकचा घ्या. फायबरचा जड असतो, आणि डिकी उघडी धरणाऱ्या दांड्या किंवा स्प्रिंगा मूळच्या वजनापुरत्याच असतात; वजन वाढलं की एखाद्या दिवशी डिकी डोक्यावर येते. दुहेरी चिकटपट्टीवर भागत असेल तर पत्र्याला भोकं पाडू देऊ नका. उद्यमनगरातले एक पेंटिंगचे मिस्त्री म्हणाले, "बसवायचं काम तासाचं, मॅडम. काढायला आणली की भोकं बुजवा, लांबी भरा, पुरी डिकी रंगवा. आणि आतनं गंज धरलेला असतोय तो येगळाच." मेटॅलिक रंगाची छटा जुळली नाही तर भांडण त्यांच्याशी होतं, म्हणून ते आधीच हात वर करतात. विमा कंपनीला बदल कळवून ठेवा. सेडानमध्ये तिसरा दिवा बऱ्याचदा काचेच्या आत असतो आणि उभा स्पॉयलर नेमका त्याच्या आड येतो, तेव्हा बसवून झाल्यावर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि गाडीमागं पंधरा-वीस पावलं जाऊन उभे राहा. दिवा दिसला नाही, तर तो स्पॉयलर तिथंच उतरवून पैसे परत मागा.